आत्याचे मऊ हात

माझ्या थोरल्या आत्याच्या बोटांना ठसेच नव्हते. जन्मभर बाइंडिंगच्या कारखान्यात छापील कागदांच्या घड्या अंगठ्याने दाबून दाबून रेषा पुसल्या गेल्या होत्या आणि उरल्या होत्या नुसत्या भेगा. लहानपणी ती माझी वेणी घालायची तेव्हा त्या भेगांत केस अडकायचे आणि मी बोंब ठोकायचे. "आली मोठी राजकन्या," असं म्हणून ती पेड आणखी आवळायची.

ठसे नाहीत हे कळायला परदेशी जायची वेळ यावी लागली. धाकटी आत्या लग्न करून तिकडे गेली ती तिकडचीच झाली. तिला थोरलीनेच आईच्या मायेने वाढवलेलं. आता धाकटीची नजर पार गेली होती, प्रवास झेपत नव्हता, आणि फोनवर एकच धोशा होता, ताई, एकदा येऊन जा. थोरलीने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. हे मागितलं.

बाबांनी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. बँकेचे कागद, विमा, तिकडचं बोलावणं, परतीचं तिकीट. पर्यटक म्हणून जायचं तर आपण परत येणार हेही पटवून द्यावं लागतं म्हणे. आत्या म्हणाली, माझं अर्धवट पडलेलं काम दाखवा त्यांना, झक मारत येईन.

घोडं अडलं ते व्हिसाच्या केंद्रात. ती काचेवर पुन्हा पुन्हा हात ठेवत होती आणि मशीन काही दाद देत नव्हतं. तिथल्या मुलीने समजुतीने सांगितलं, हातांना विश्रांती द्या, तेल चोळा, मग या. ठशांशिवाय मात्र चालणार नाही.

मग घरात फर्मान निघालं. आत्याने हाताची घडी, तोंडावर बोट. घडी कशीबशी राहिली, तोंडावरचं बोट काही राहिलं नाही. भांडी बाबांकडे, धुणं माझ्याकडे आणि चुका काढायचं खातं तिच्याकडे. हाताला चोळून उरलेलं तेल ती माझ्या डोक्याला लावायची आणि धाकटीच्या लहानपणीच्या खोड्या सांगत बसायची. तिला रिकामं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. फार सुखाचे दिवस होते ते. अजूनही विमानतळावर काचेवर बोटं टेकली की मला त्या तेलाचा वास येतो.

दुसऱ्या खेपेला मशीनने मुकाट्याने ठसे घेतले. पडद्यावरच्या स्वतःच्या रेषा आत्याने निरखून पाहिल्या. "बऱ्या आहेत की," म्हणाली.

ती जाऊन आली. बहीण भेटली ना, खूश ना, असं मी विचारलं. मग हळूहळू सांगायला लागली. पहिल्याच दिवशी धाकटी पाठ करून बसली, वेणी घाल म्हणाली.

"घातली. तर म्हणते कशी, आवाज ताईचा आहे, हात दुसऱ्याच कुणाचा. केस अडकतच नाहीत. तिथल्या विमानतळावरच्या साहेबाला ठशांवरून पटलं गं मी कोण ते. हिलाच पटेना."

"मग?"

"मग काय? तिच्या घरची सगळी भांडी मी घासली. कुणाचं ऐकलं नाही. निघायच्या दिवशी वेणी घालताना एक केस अडकला. तेव्हा कुठे रडली पोर."

मी फणी आणून तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. चांगलेच केस ओढले गेले. मी हूं की चूं केलं नाही.