खोडलेल्या चार ओळी

लाखनीच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. भंडाऱ्याहून सकाळच्या बसनं जाते आणि वैनगंगेचा पूल ओलांडून कारधा मागे पडलं की मला हमखास डुलकी लागते. त्या दिवशीही लागली. नदीवर धुकं, तोंडाला गच्च बांधलेला स्कार्फ. अर्धवट झोपेत मी कुठल्याशा पाण्यावरून अनवाणी चालत होते. तेवढ्यात पुढच्या सीटवरून माझाच विषय कानावर आला. माझ्या वर्गातल्या दोघी होत्या. स्कार्फमुळे त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"छोट्या राज्यांवर प्रश्न आला का वेगळा विदर्भ पाहिजे म्हणून लिहिजो. मॅडमले तेच आवडते."

"पण मले तसं नाही वाटत ना."

"तुले कोण विचारून राहिलं? पेपर आहे आज!"

मला हसू आलं. पोरींचं हे असंच चालायचं, म्हणून पुन्हा डोळे मिटले. वेगळ्या विदर्भावर मी वर्गात तावातावानं बोलते हे खरं. पण शेवटी 'तुमचं मत वेगळं असू शकतं' हेही न चुकता सांगते. त्या वाक्याचा मला कोण अभिमान!

दोन दिवसांनी त्या दुसरीचा पेपर हातात आला. उत्तराच्या सुरुवातीलाच चार ओळी खोडलेल्या. खाली माझीच वाक्यं, माझ्याच क्रमानं, सुवाच्य अक्षरात. स्टाफरूमच्या खिडकीबाहेर धान कापून झालेल्या बांध्या उन्हात सुस्त पडल्या होत्या. मी पान उजेडात धरलं तशा खोडलेल्या ओळी वाचता आल्या.

'आमच्या गावाहून नागपूरही मुंबईइतकंच दूर आहे. राजधानी जवळ आली म्हणून आमचं कोणी ऐकेल, असं मला वाटत नाही.'

इतक्या वर्षांत असं उत्तर मला कोणी दिलंच नव्हतं. आनंदानं मी तिला बोलावून घेतलं, खोडलेल्या ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तू लिहिलंस?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकून लिहिलं गेलं, मॅडम. खोडलं ना मी. मार्क कापू नका जी."

"अगं, तुझं मत वेगळं असू शकतं..."

"नाही मॅडम," ती घाईघाईनं म्हणाली, "माझं मत तुमचंच आहे."