मानसीची उशी

आमच्या अभ्यासिकेत सी.ए. झालेला प्रत्येक जण पेढे वाटतो आणि आपल्या खुर्चीवरची उशी मागे राहिलेल्या कुणाला तरी देऊन जातो. आज मानसीने तिची उशी मला दिली.

"दादा, तुम्ही समजावलेलाच प्रश्न आला होता."

मी हसलो. त्याच पेपरात, त्याच प्रश्नाचं पान मी कोरं सोडलं होतं. दुसऱ्याला समजावताना मात्र मला सगळं येतं. नापास होण्याचीही बैठक जमत जाते. उशा साठतात, खुर्ची मऊ होते आणि मग उठायचीच भीती वाटू लागते.

दुपारी मानसीच्या जागेवर एक नवी मुलगी आली. लाकडी खुर्चीवर सारखी चुळबुळत होती. मी ती उशी तिच्याकडे सरकवली.

"थँक्यू सर," ती म्हणाली, "तुम्ही इथे शिकवता का?"