मोटार सुरू करण्याआधी

तामलवाडीत माझ्या भावजयीनं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर लावून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचं काम सुरू केलं, त्या दिवशी गावात वीज नव्हती. प्रमुख पाहुणे डिजिटल भारतावर भरपूर बोलले, तेही मंडपवाल्याच्या जनरेटरवर. व्होल्टेजची तक्रार नाही, असा त्या कॉम्प्युटरच्या आयुष्यातला तो एकमेव दिवस असावा.

मग खरी वीज आली. आमच्याकडं शेतातल्या बहुतेक मोटारींना ऑटो स्टार्टर असतो. लाइट आली की शिवारातल्या मोटारी एकदम उठतात आणि व्होल्टेज पार बसतं. त्या बंद झाल्या की तेच उसळी मारतं. या खालीवर होण्यात कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला. नवा बसवला, तर त्यानं जाताना मदरबोर्डही सोबत नेला. आता पुन्हा जळलं तर खोलीला कुलूप, असं भावजयीनं सांगून टाकलं.

मी सोलापुरातून एक डबी आणली. तिच्यावर व्होल्टेजचा आकडा दिसतो. तो फार पडला किंवा चढला की ती कॉम्प्युटरची लाइन तोडते, आणि सुधारल्यावरही जरा थांबूनच जोडते. लोकांना हे थांबणंच सोसेना. फ्यूज उडाला की जाड तार घालून ‘डायरेक्ट’ करायची आमची पद्धत. पीकविम्याच्या गर्दीत माझ्या चुलत्यांनी तेच सुचवलं.

“सूनबाई, काढ ती डबी. डायरेक्ट जोड की.”

“मामा, औंदा तुमची मोटार कशानं जळाली?”

चुलत्यांनी वाकून डबीवरचा आकडा पाहिला. मोटार जळाल्याबद्दल तोवर ते वाइंडिंगवाल्याला शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी लाइट आली, पण चुलत्यांची मोटार उठली नाही. ऑटो स्टार्टर बंद करून ते भावजयीच्या दारात उभे. “किती हाय?” आकडा पडलेला ऐकून पायरीवरच बसले. त्यांना बसलेलं बघून आणखी दोघं आले. काही दिवसांत आपोआप ठरलं: नाल्याकडच्यांनी आधी सुरू करायचं, माळावरच्यांनी मागून. पाण्यावरून गावात बैठका पुष्कळ झाल्या आहेत; हे बैठक न घेता झालं, म्हणून टिकलं असावं.

डबी आता क्वचितच लाइन तोडते. परवा गेलो तेव्हा भावजय दुसऱ्या कॉम्प्युटरचं टेबल भिंतीकडं सरकवत होती. चुलते आकडा विचारायला आले होते. तिनं त्यांना टेबलाचं दुसरं टोक धरायला लावलं.