बोल्टाखालचा रंग

ऑइल पेंटचा वास आला की मला जयंतीच्या रॅलीची ती संध्याकाळ आठवते. मोरिवलीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या गाड्या झेंडे लावून तयार होत्या आणि पप्पांची जुनी मोटरसायकल मात्र चालू व्हायचं नाव घेईना. आदल्या दिवशी पप्पांनी अख्खी गाडी खोलून फ्रेमसकट निळी रंगवली होती. आता सेल्फ लागत नव्हता, हॉर्न मुका झाला होता, किक मारून पप्पांना धाप लागली. "बॅटरी उडाली, ढकलत आणा," शेजारचे काका हसले. पप्पांचा चेहरा एवढासा झाला. मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅनेलचं वायरिंग करायचे. माझा टेस्ट लॅम्प आणून त्याच्या दोन्ही वायरी बॅटरीला लावल्या, तर दिवा झकास पेटला. त्यातली अर्थिंगच्या बाजूची वायर काढून इंजिनाला टेकवली, तर विझला. "पप्पा, अर्थिंगची वायर रंगावरच कसलीत तुम्ही! रंगातून करंट जातो होय?" "अगं, नवा रंग आहे, खरवडू नको," ते कळवळले. मी ऐकते कुठली! बोल्ट काढला, लोखंड दिसेपर्यंत रंग खरवडला आणि वायर परत कसली. बटण दाबताच गाडी अशी गरजली की काका दचकून मागे सरले. पप्पा गुपचूप मागच्या सीटवर बसले नि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिने चालू केली, आता हीच चालवणार." पप्पा आता थकलेत, तरी दर जयंतीला गाडी रंगवतात, फक्त बोल्टाखालचं तेवढं लोखंड उघडं ठेवून. कुणी विचारलं तर म्हणतात, "ती जागा माझ्या पोरीची आहे."