सात मिनिटांची पणजी

इथे मिशिगनमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक कडक नियम आहे. स्टेजवर जे काही येईल ते सभासदाच्या घरचं असलं पाहिजे. मुलीचं भरतनाट्यम, नवऱ्याची गिटार, सासऱ्यांच्या कविता. एका वर्षी सासऱ्यांच्या कवितांनी नोव्हायमधली हरणं थेट इंडियानात पळवून लावली होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. तर या नियमापायी मला एक पणजी मिळाली.

ती खरं म्हणजे शेजारच्या मावशींची आई. मावशी अठ्ठ्याऐंशीच्या, मुलाकडे राहायच्या. मुलगा माझ्याच ऑफिसात, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा. मावशींचे कान आठव्या वर्षी तापात गेले, तेव्हापासून त्या समोरच्याचे ओठ वाचायच्या. ते शिकवलं आईनं. आई मूकपटातली नटी. घोड्यावर बसायची, तलवार चालवायची, महिन्यातून दोनदा पडद्यावर सती जायची. मग बोलपट आले. तिला माइकपुढं उभं केलं, तिनं एक वाक्य म्हटलं, आणि एका दुपारीत सगळं संपलं. आवाज भंगारवाल्याचा. पुढं लग्नाविना मूल झालं, तेही बहिरं झालं, आणि उरलेला जन्म ती त्या एकाच माणसाशी बोलत बसली ज्याला तिचा आवाज खुपत नव्हता.

ॲन आर्बरला पीएचडी करणारी एक नागपूरची मुलगी मावशींकडे दिवाळीला जेवायला आली. लायब्ररीत जुन्या फिल्म साफ करायचं तिचं काम. भिंतीवरचा फोटो पाहून तिच्या हातातला घास हातातच राहिला. हीच बाई तिच्या डब्यातल्या एका रिळात होती. सात मिनिटं तेवढी शिल्लक होती.

मावशींचं मागणं एवढंच, की ती सात मिनिटं गणपतीत दाखवा, आणि आधी सांगा की ही माझी आई.

मुलगा म्हणाला, "जमणार नाही."

"अरे यार, आता नटी म्हणजे मान असतो. लोक सेल्फी घेतील तुझ्याबरोबर."

"नटी चालेल रे. पण पुढचा प्रश्न येतो ना, नटी कुठल्या घरची, आणि तुमचे आजोबा कोण. होणारे व्याही समोर बसणार. त्यांना मी सांगून बसलोय, आजी मुख्याध्यापिका होती."

"मग माझ्या नावावर टाक," मी म्हणालो.

माझ्या घराण्यात सात पिढ्या भिक्षुकी. ज्यांच्या घरात कधी कुणी नाचलं नाही, त्यांनाच अशी पणजी परवडते. मावशींना आम्ही सांगितलं की निवेदन मी करणार आहे. काय करणार, ते सांगितलं नाही.

मावशी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. मी माइक घेतला आणि सुटलो. माझी पणजी घोड्यावरून मुठा ओलांडायची, तीही पुरात. एका सीनमध्ये खरा वाघ सोडला होता, पणजीनं डोळे वटारले तसा वाघालाच घेरी आली, त्याला कांदा हुंगवावा लागला. हॉल लोळत होता. मी मावशींच्या दिशेला बघत नव्हतो. एकदा बघितलं. त्या माझे ओठ वाचत होत्या, तोंड थोडं उघडं ठेवून.

मग दिवे गेले, फिल्म लागली. पणजी नायकाच्या पायाशी बसून विनवत होती. पाटी आली: नाथ, मला एकटीला टाकून जाऊ नका. हॉलमध्ये चिडीचूप, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून एक सपाट, मोठा आवाज आला.

"पाणी द्या. अंगात ताप आहे. अजून किती वेळ बसवणार? पाणी द्या रे कुणीतरी."

पोरं खिदळली. मला कळलं होतं मावशी काय करताहेत. पडद्यावरचे ओठ बरोबर तसेच हलत होते. नव्वद वर्षांत त्या बाईचं बोलणं कुणाला कळलं असेल तर ते आत्ता. पण माइक माझ्या हातात होता, आणि हशा असा आयता आला की मला सोडवत नाही.

"अरे, मावशींना कुणीतरी पाणी द्या," मी म्हणालो.

हॉल फुटला. कुणीतरी बाटली आणून त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती ढकलली.

"मला नको. माझ्या आईला."

हसणं थांबलं. व्याह्यांनी मान वळवली. मुलगा उठला, आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सॉरी हं, आईला हल्ली भास होतात." आणि माझ्याकडे बघितलं.

"वय झालंय," मी माइकवर सांगितलं. "माझी पणजी आहेच तशी, कुणालाही आपली वाटते."

टाळ्या पडल्या. विहीणबाईंनी मावशींचा हात थोपटला.

जेवणाच्या रांगेत मावशींनी मला गाठलं. माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं.

"आता सांग. कोणाची ती?"

व्याही माझ्या मागेच ताट घेऊन उभे होते. त्यांना माझी पाठ दिसत होती. आवाज न काढता नुसते ओठ हलवले असते तरी काम झालं असतं. तुमची, मावशी. कुणाच्या बापाला कळलं नसतं, लग्न मोडलं नसतं, माझी कीर्तीही शाबूत राहिली असती. हे मला तिथं, त्या क्षणी, स्वच्छ सुचलं होतं. पण अर्धा तास आधी तीनशे माणसांनी माझ्या पणजीसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तिच्यातला वाटा कुणाला द्यायला मी तयार नव्हतो. ओठ नीट उघडून, मोठ्यानं, त्यांना वाचता येईल असं म्हणालो.

"माझी."

मावशींनी हनुवटी सोडली, बोटं पदराला पुसली आणि भाताकडे सरकल्या.