कानशिलावरची ओल

शेंदरात तेल कालवलं की जो जड, किंचित धातूसारखा वास सुटतो, तो आजही देवळाच्या पायरीवर मला गाठतो आणि माझा उजवा हात नकळत पदराआड जातो. इतरांना त्या वासात मांगल्य जाणवत असेल. मला साखरखेर्ड्याची आश्विनातली एक सकाळ आठवते. कणसात भरत आलेल्या ज्वारीवरून येणारा ऊनऊन वारा, अंगणातल्या झेंडूच्या ढिगाचा उग्र दर्प, आणि माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर श्वास घेणारं एक प्रचंड काळं कपाळ.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी पुण्याची, संस्कृत शिकवणाऱ्या वडिलांची मुलगी. वैशाखात लग्न होऊन इथल्या देशमुखांच्या घरात आले, आणि त्या घरात हत्ती आहे हे कळल्यावर मैत्रिणींना फुशारकीची लांबलचक पत्रं धाडली. त्याचं नाव सुमेर. दक्षिणेकडच्या कुठल्याशा रानात खड्ड्यात पाडून धरलेलं ते पिल्लू तीस वर्षांपूर्वी मामंजींच्या वडिलांनी विकत आणलं होतं. त्यानंतर त्याने दुसरा हत्ती म्हणून पाहिला नव्हता. हत्तीणी आपल्या लेकीबाळींना घेऊन कळपाने राहतात, नर वयात आला की कळपापासून सुटतो, पण दुरून का होईना त्यांच्या हाकेच्या टप्प्यात वावरतो, हे मी पुष्कळ पुढे वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसे की तो दुपारी डुलतो, आणि तो आनंदाने डुलतो असं आम्ही सगळेच समजत होतो.

त्याचा माहूत कासमचाचा. साठीचा, शिडशिडीत, दाढी मेंदीने रंगवलेला. एकदा त्याने मला हत्तीखान्याच्या भिंतीला तळवा टेकवायला लावला. कानाला काही ऐकू येत नव्हतं; पण भिंत आतून थरथरत होती, आणि जवळच्या हंड्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती.

"हाका मारून राह्यला तो," कासमचाचा म्हणाला. "आपल्या कानाले नाई समजत. कोसावर दुसरा हत्ती असता तं त्याले समजलं असतं."

"मग उत्तर कोण देतं त्याला?"

"कोनीच नाई, बाईसाहेब."

मी हात काढून घेतला, पण ती थरथर तळव्यात बराच वेळ राहिली. त्या दिवसापासून त्या घरात मला स्वस्थ झोप लागली नाही, हे खरं आहे.

दसऱ्याला सुमेर सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत पुढे चाले, आणि त्या वर्षी घरात आलेल्या नव्या सुनेने त्याचं कपाळ रंगवायचं अशी आमच्याकडची रीत होती. नवरात्राचे नऊ दिवस गावातली प्रत्येक बाई त्याला काही ना काही भरवी. गूळ, पुरणाचे गोळे, लाह्या, कोवळी कणसं. इतक्या मायेने भरवलेला नर माजावर येतो, हे भरवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. अष्टमीला कासमचाचा मला म्हणाला, "रंग बेस लावजा, पन कानशिलं कोरी ठेवजा. डोया अन् कान याच्या मधात बारीक भोक असते. तिथं ओल दिसली का मले सांगजा. मंग आपन त्याले साखळदंडातून काढत नाई. दोन महिने उपाशी-अर्धपोटी ठेवलं का उतरते." थोडं थांबून त्याने आवाज खाली आणला. "मले आता जवळचं धड दिसत नाई. मोतीबिंदू उतरून राह्यला. देशमुख सरकारले समजलं तं दुसरा माहूत आनतीन. सुमेर काईच लपवत नाई, आधी सांगते. मानूस लपवते."

म्हणजे दसऱ्याच्या सकाळी त्याचे डोळे मी होते.

सुमेर गुडघे मोडून बसला. मी चौरंगावर चढले. सोंडेच्या मुळापासून वर पांढरी वेलबुट्टी काढली, मध्ये शेंदराचं कमळ भरलं, आणि डाव्या कानशिलाशी आले तेव्हा ती ओल दिसली. बोटभर रुंद, गालाकडे ओघळलेली, डांबरासारखी काळसर. तिला गोडसर, कुबट वास होता, आणि वर दोन मधमाश्या घोंघावत होत्या. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला हर्ष झाला. गजांच्या गंडस्थळांतून पाझरणारा मद आणि त्याला लुब्ध झालेले भ्रमर मी वडिलांच्या मांडीवर बसून पाठ केले होते. आणि इथे ते काव्य माझ्यासमोर घाम गाळत बसलं होतं. मग कासमचाचा आठवला. तो अंगणापलीकडे झूल झटकत होता. मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "इथं ओलं आहे. चाचांना सांगायला हवं."

सासूबाईंनी पाहिलं आणि हात जोडले. "हे तं लक्ष्मीचं लेनं आहे, सूनबाई. सनाच्या दिवशी पाझरलं, नशीब म्हना. अन् असं कोरं कपाळ घेऊन देवाच्या कामाले जनावर निंगते काय? भर रंग."

सगळ्या बायका बघत होत्या. सहा महिन्यांच्या सुनेने सासूचा शब्द डावलून अंगण ओलांडून माहुताला हाक मारायची, हे त्या घरात कोणी केलं नव्हतं. मी शेंदरात बोटं बुडवली आणि ती ओल झाकून टाकली. मधमाश्या थोडा वेळ फिरल्या आणि गेल्या. कासमचाचा जवळ आला, डोळे बारीक करून त्या लाल कपाळाकडे बघत म्हणाला, "कोरडं हाय ना, बाईसाहेब?" मी हो म्हणून मान हलवली.

गावाबाहेर आपट्याच्या झाडाशी ताशे एकदम वाजले आणि सुमेर गर्दीवर उलटला. कासमचाचाने त्याला माणसांपासून वळवून ज्वारीच्या शेतात घातला, म्हणून गाव वाचलं. तो स्वतः मानेवरून खाली आला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. एक बैल चिरडला गेला. सुमेर ओढ्याकाठी जाऊन उभा राहिला, कुणाला जवळ येऊ देईना. शेंदूर आणि घाम त्याच्या तोंडावर असा ओघळला होता की दुरून कानशिलाचं काहीच ओळखू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी मला देवडीच्या दाराआड बोलावलं. बाहेर खाटेवर कासमचाचा होता, आणि मेहकरहून बोलावलेला शिकारी बंदूक मांडीवर घेऊन बसला होता.

"कासम म्हनते माज असन तं वाट पाहू, दुरूनच चारापानी टाकू, उतरन. माज नसन तं जनावर फिरलं, मंग ठेवता येत नाई," मामंजी म्हणाले. "त्याचं कपाळ तुम्ही रंगवलं, सूनबाई. कानशील ओलं होतं का?"

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या. खाटेवरून येणारं कण्हणं थांबलं. कासमचाचा ऐकत होता. ओलं होतं म्हटलं, तर त्या मोडलेल्या हाडाचा जाब मला द्यावा लागणार होता. मी भ्याले. दुसरं कारण नाही; पुढे आयुष्यभर शोधूनही सापडलं नाही.

"कोरडं होतं," मी म्हणाले.

ओढ्याकडून तीन आवाज आले. तिसऱ्यानंतर माळावरचे सगळे पक्षी उठले आणि कितीतरी वेळ खाली बसले नाहीत.

कासमचाचा त्यानंतर अकरा वर्षं जगला. दर दसऱ्याला मी सोनं घेऊन त्याच्या घरी जाई, सांगायचंच असं ठरवून जाई. त्याचे दोन्ही डोळे एव्हाना गेले होते. आपट्याची पानं तो बोटांनी चाचपे, मला बसायला घोंगडी टाकायला लावी, आणि त्याच्या घराच्या मागच्या भिंतीला मी पाठ टेकली की मला वाटे, ती अजून थरथरते आहे. इतक्या वर्षांत तो रागाने बोलला नाही. फक्त थकून, जुन्या मित्राबद्दल बोलावं तसं, दर वर्षी एकच वाक्य बोले.

"साऱ्या जिंदगीत त्यानं एकदाच मले सांगतलं नाई, बाईसाहेब."

त्याने सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. मी पानं त्याच्या ओंजळीत ठेवी आणि उन्हं उतरायच्या आत घरी परते.