कुणाच्या रानाची राखण

झरीहून निघालो तेव्हा ज्वारी हुरड्यात होती, म्हणून आबा मला सोडायला फाट्यापर्यंतसुद्धा आले नाहीत. एसटीजवळ आई म्हणाली, "राग धरू नको रे. पाखरं पडल्यात, रान टाकून कसं येतील?" मी राग धरला. बापाला लेकापेक्षा कणसं जवळची, असं घोकतच सेशेल्स नावाच्या देशातल्या या बेटावर उतरलो.

गावाला माहीत आहे की मी इथं हॉटेलात सुपरवायझर आहे. आहेच. पण सकाळी ब्रेकफास्टला माझं काम एकच: समुद्राकडच्या उघड्या डायनिंगमधून पाखरं हाकणं. साळुंक्या आपल्याकडच्यासारख्याच, पिवळ्या चोचीच्या, भांडखोर. होले जरा लहान, टेबलांखालून पायी फिरणारे. एक लाल चिमणी आहे. तिचा नर विणीच्या दिवसांत कुंकवासारखा होतो आणि थेट बशीच्या काठावर येऊन बसतो. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही. नुसता नॅपकिन हलवायचा, तोही हसत. मी पुढं हाकतो आणि मागं पाहुणे पावाचे तुकडे टाकून फोटो काढतात. टेबल उलथून टाकावंसं वाटतं. तोंडातून "गुड मॉर्निंग, मॅडम" निघतं.

यंदा धाकट्या भावाचा फोन आला. रब्बीला सगळ्या शिवारात हरभरा, ज्वारी एकट्या आबांची. म्हणजे साऱ्या गावची पाखरं आमच्याच एकरावर. "आबा परवा मचाणावरून उतरताना चक्कर येऊन पडले. माझं ऐकत न्हाईत. तुझं लय कौतुक हाय त्यांला, तूच सांग," म्हणाला आणि फोन त्यांच्याकडे दिला.

मी आयुष्यात पहिल्यांदा आबांवर ओरडलो. "सोडा ती ज्वारी! पाखरं हाकनं हे काय मानसाचं काम हाय का?"

आबा शांतपणे म्हणाले, "बरं. तू काय करायलास तितं?"

इतकी वर्षं लपवलेलं तोंडातून निघून गेलं. "पाखरंच हाकायलोय, आबा."

ते खो खो हसले. "पगार देतेत?"

"देतेत."

"आन् रान कुनाचं रं, येड्या?"



तुम्ही, माझ्यासारखे बाहेर पडलेले सगळे, ऐका. राखणीला माणूस उरला नाही म्हणून गावोगावची ज्वारी गेली. तो माणूस आपण होतो. आणि आपणच फोनवर विचारतो, भाकरीची चव का बदलली! चीड येते, तुमची आणि त्याहून माझी. घर म्हटल्यावर मला आता गहिवर येत नाही. एक मचाण दिसतं, त्यावर चक्कर येणारा म्हातारा दिसतो, आणि तिथं मी असायला हवा होतो एवढंच कळतं.

काल रजेचा अर्ज दिला. मॅनेजरनं कारण विचारलं. "पाखरं हाकायला जायचंय," म्हणालो. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.